नाडगीरांच्या घरातला रानकांदा

म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरममधल्या नाडगीरांच्या घरात कांदा शिरत नाही, हे लग्न ठरतानाच सिंधूच्या कानावर घातलं होतं. तिला वाटलं, सणावाराला शिरत नसेल. माणसं असं म्हणतातच. ती फलटणची. माहेरी कांदा बुक्कीनं फोडून पिठल्याशी खायची पद्धत, आणि कांदेनवमीला तर भजी, थालीपीठं, भरले कांदे असा धडाका, कारण पुढं चातुर्मासभर कांद्याचं तोंड बघायचं नाही. पण तिथं चार महिने उपास करायचा तर आठ महिने चैन तरी होती. नाडगीरांकडे बारमाही चातुर्मास, हे तिला लग्नानंतर पहिल्या आठवड्यात कळलं. सासूबाईंनी, गोदाबाईंनी, तिनं बाजारातून आणलेली पिशवी दारातच पालथी करून कांदे कामवालीला देऊन टाकले आणि पिशवीसुद्धा तिलाच दिली.

भांडण झालं नाही. गोदाबाई भांडणाऱ्यातल्या नव्हत्याच. "अगं, आपल्यात नाही गं ते," एवढंच म्हणाल्या, आणि लगेच, "सुम्ने उभी का राहिलीस, ऊटा आयता तुझा?" म्हणजे उगाच का उभी आहेस, जेवलीस का. नाडगीर चार पिढ्या म्हैसुरात. घरात मराठीच बोलतात, पण अर्ध्या वाक्यात कन्नड कधी येऊन बसतं ते बोलणाऱ्यालाही कळत नाही. सिंधूला पहिलं वर्षभर सासूचं बोलणं अर्धंच कळायचं, आणि संसार टिकायला ते बरंच पडलं असं ती स्वतःच हसून सांगते.

सिंधू हिनकलच्या पुढं एका खासगी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिथल्या कॅन्टीनमध्ये ईरुळ्ळी दोसा मिळतो. ईरुळ्ळी म्हणजे कांदा. आठवड्यातून दोनदा ती तो खाते आणि वर बडीशेप चावते. नवरा रघूत्तम विमा कंपनीत. तोही संध्याकाळी गाड्यावरची कांदाभजी खाऊन बडीशेप चावतच घरी येतो. नवराबायकोच्या तोंडाला बडीशेपेचा वास, आणि पंचवीस वर्षांत दोघांनी एकमेकांना एका शब्दानं विचारलेलं नाही. याला कुणी खोटेपणा म्हणेल. म्हणू द्या. एका घरात तीन माणसांना नीट राहायचं तर असली बडीशेप लागतेच.

एक गोष्ट मात्र सिंधूला सलत होती. लग्नाआधी तिनं पीएच.डी. सुरू केली होती आणि लग्न, मग मृण्मयीचा जन्म, मग मृण्मयीची शाळा असं करता करता ती राहून गेली ती गेलीच. मुलगी आता पुण्याला नोकरी करते. कॉलेजात सिंधू तीच पानं, तीच मुळं, तीच खोडं दरवर्षी नव्या पोरांना शिकवते. वाईट शिकवत नाही. पण आपलं म्हणावं, आपण शोधलं म्हणावं, असं काही तिच्याजवळ नव्हतं, आणि पन्नाशी जवळ आली तसं ते जास्तच टोचायला लागलं.

अशात ती पोरांना घेऊन सहलीला हुल्लुबेट्टावर गेली. हा डोंगर काही मोठा नाही. म्हैसूरहून दोन-तीन तासांवर, वर गवताचं एक सपाट टेकाड. पावसाळा नुकता लागला होता आणि त्या गवतात हातभर उंचीच्या दांड्यांवर पांढऱ्या फुलांचे गेंद डोलत होते. एकेक फूल मुगाच्या दाण्याहून थोडं मोठं, पाकळीच्या मधोमध जांभळी रेघ. सिंधूनं सहज पान चुरगाळलं आणि नाकाशी नेलं. फलटणच्या पोरीला तो वास ओळखायला पुस्तक लागत नाही. सोबत आलेला डोंगरावरचा माणूस म्हणाला, काडु ईरुळ्ळी. रानकांदा. इथंच येतो, खालच्या डोंगरावर नाही, पलीकडच्याही नाही.

तिनं फोटो बेंगळुरूला जाणकारांकडे पाठवले. महिन्याभरानं उत्तर आलं की हा कांदा त्यांच्या नोंदीतल्या कशाशीच जुळत नाही, पुढच्या वर्षी फुलं आणि बी मिळालं तर नक्की सांगता येईल. सिंधू त्या दिवशी कॉलेजातून घरी येताना रिक्षात रडली. आनंदानंच. वनखात्याची परवानगी काढून तिनं तीन कंद खणून आणले, तीन कुंड्यांत लावले आणि मागच्या अंगणात तुळशीच्या पलीकडे ठेवले.

"हे काय गं?" गोदाबाईंनी विचारलं.

आता काय सांगणार? घरात जो शब्दसुद्धा कुणी काढत नाही तो कांदा मी तुळशीशेजारी लावलाय म्हणून? "रानातली लिली आहे, आई," सिंधू म्हणाली. गोदाबाईंनी मान डोलावली. फुलझाड म्हटलं की त्यांची तक्रार नसायची. तिथं ते प्रकरण मिटलं असं सिंधूला वाटलं.

पुढच्या पावसाळ्यात दांडे आले, गेंद आले, कळ्या टपोरल्या. आणि बी म्हणून धरलं नाही. संध्याकाळी बघावं तर कळ्या, सकाळी उठून बघावं तर नुसते बारीक देठ. फूल असं दिसायचंच नाही. एकदा तर गजर लावून ती रात्री उठली, कळ्या उमलायच्या बेतात होत्या, ती खुशीत जाऊन झोपली, आणि सहाला पुन्हा देठच. डोंगरावर भर दुपारी फुललेली फुलं तिनं डोळ्यांनी पाहिली होती. इथं काय होतं मग? म्हैसूरची हवा उबदार, म्हणून फूल रात्री उमलून पहाटेच गळत असेल. परागीभवन करणारा किडा इथं नसेल. सिंधूनं माती बदलली, सावली बदलली, सांजच्याला कळी उकलून कुंचल्यानं पराग लावून पाहिले. दुसऱ्या वर्षी तेच. शेवटी तिनं एका चर्चासत्रात निबंध वाचला, की ही वनस्पती आपल्या डोंगराबाहेर फळ धरत नाही. टाळ्याही पडल्या. अभ्यास केलेल्या माणसाची चूकही कशी व्यवस्थित, आकृत्यांसकट असते बघा.

तिसऱ्या वर्षी ती पुन्हा हुल्लुबेट्टावर गेली तर टेकाड नव्हतं. खालपासून वर रस्ता झाला होता, आणि देखावा बघायला येणाऱ्यांच्या गाड्या लागाव्यात म्हणून ती सगळी जागा सपाट करून वर खडी पसरली होती. सिंधू आणि तो डोंगरावरचा माणूस आजूबाजूच्या उतारांवर दिवसभर हिंडले. एक पात मिळाली नाही. म्हणजे आता त्या कांद्याची जी काय वस्ती उरली ती नाडगीरांच्या मागच्या अंगणात. त्यातही त्या वर्षी पावसानं झोडपलं, दोन कुंड्यांतले कंद कुजले. राहिली एक कुंडी, एक दांडा, एक गेंद. हे फूल यंदा बी न धरता गेलं आणि कंद कुजला, की संपलं.

त्याच आठवड्यात सिंधूला ताप आला. रजा काढून ती घरी पडून राहिली. लग्नानंतर एवढ्या वर्षांत सकाळी नऊला, पूजा आटोपायच्या वेळी, ती मोकळी असण्याचे दिवस मोजकेच, कारण साडेसातला तिची बस असते आणि सुटीच्या दिवशी स्वयंपाकघर सुटत नाही. गोदाबाई पहाटे साडेचारला उठणार, आंघोळ, मग सोवळं नेसणार. त्या त्याला मडी म्हणतात. मडीत असताना त्यांना कुणी शिवायचं नाही, देवघरात कुणी डोकवायचं नाही. पूजा आटोपली की उंबऱ्यावरून तीर्थ द्यायचं. त्या दिवशी पूजा करून गोदाबाई सुनेच्या खोलीत आल्या, तीर्थाचा चमचा तिच्या हातावर रिकामा केला आणि वर एक फूल ठेवलं.

"देवाच्या डोक्यावरचं आहे. उशाशी ठेव. उतरेल ताप."

इवलंसं पांढरं फूल. पाकळीच्या मधोमध जांभळी रेघ.

सिंधू उठून बसली. "आई, हे कुठलं?"

"तुझ्या लिलीचं नाही का. तीन वर्षं वाहतेय मी बाळकृष्णाला. पुट्ट पुट्ट, इवली इवली फुलं, किती शोभतात त्याला. पहाटे उमललेली तेवढीच खुडते हं, कळीला हात लावत नाही. दांडा मोडत नाही. तुझं झाड जपूनच खुडते."

आणि खरोखरच जपून खुडत होत्या. एकेक फूल नखानं, देठ झाडावर ठेवून. त्या देठांवरच सिंधूनं निबंध वाचला होता. ती हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू आलं. गोदाबाईंना वाटलं, ताप डोक्यात चढला. त्यांनी कपाळावर ओली पट्टी आणून ठेवली.

सरळ सांगायचं तर यात अवघड काही नव्हतं. आई, ही फुलं खुडू नका, मला बी हवंय. सिंधू तसं बोललीही. गोदाबाई म्हणाल्या, "अय्यो, आधी नाही का सांगायचंस." आणि दुसऱ्या पहाटे खुडली. कारण गोदाबाई चौऱ्याऐंशीच्या, आणि गेल्या वर्षापासून त्यांचं विसरणं वाढलं होतं. जेवल्या की नाही ते विसरायचं, मृण्मयी कुठल्या गावाला आहे ते विसरायचं. स्तोत्रं मात्र पाठ, सोवळ्याचे नियम पाठ, आणि पहाटेच्या अंधारात हात कुठल्या झाडाकडे न्यायचा तेही पाठ. सिंधूनं पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा कबूल केलं, मनापासून, आणि पहाटे पुन्हा खुडली. सिंधूनं कुंडीला जाळी घातली तर ती काढून, नीट घडी करून पायरीवर ठेवलेली. सिंधू स्वतः पहाटे अंगणात जाऊन उभी राहिली तर म्हणाल्या, "शिवशील गं, मडीत आहे मी, बाजूला हो," आणि ती बाजूला झाली. झालीच. एवढ्या वर्षांची सवय. गच्चीवर कुंडी नेऊन ठेवली तर एका दिवसाच्या उन्हात बऱ्याच कळ्या करपल्या, आणि पहाटे गोदाबाई ओल्या पायांनी जिना चढून वर गेलेल्या सापडल्या. रघूत्तमनं त्यांना हाताला धरून खाली आणलं. त्यांना शिवला म्हणून त्यांनी परत आंघोळ केली. कुंडी पुन्हा खाली आली; कॉलेजात न्यावी तर बसमध्ये तो एकुलता दांडा मोडायची भीती. आता गेंदावर दहाबारा कळ्या होत्या, बस्स.

"एक गोष्ट त्या विसरणार नाहीत," सिंधू त्या रात्री जेवताना रघूत्तमला म्हणाली. गोदाबाई आपल्या खोलीत होत्या.

त्याला कळलं. तो बराच वेळ भात कालवत राहिला. "सांगू नकोस असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला. "पण सांग असंही माझ्याच्यानं म्हणवत नाही. तीन वर्षं देवाच्या डोक्यावर कांदा. सिंधू, तिला काय वाटेल?"

"आणि नाही सांगितलं तर?"

तो ताट उचलून हात धुवायला गेला. खरं म्हणजे दोघंही एकाच गोष्टीवर येऊन अडले होते. पहिल्याच दिवशी सिंधूनं कांदा म्हणून सांगितलं असतं, तर गोदाबाई त्या कुंडीपासून चार हात लांबून गेल्या असत्या. बी पहिल्याच वर्षी धरलं असतं. घरात शांतता राहावी म्हणून ती एक शब्द खोटं बोलली, आणि ती शांतता आता तिच्या गळ्याशी आली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोदाबाई व्हरांड्यात वाती वळत बसल्या होत्या तेव्हा सिंधू जवळ गेली. "आई, ती लिली नाही. मी खोटं सांगितलं होतं. कांदा आहे तो. रानातला." गोदाबाई हसल्या. त्यांना वाटलं, सून थट्टा करतेय. मग सिंधूनं जे केलं ते तिला अजून आठवलं की नकोसं होतं. तिनं कुंडीतलं एक पान तोडून आणलं, चुरगाळलं आणि सासूच्या नाकाशी धरलं.

चौऱ्याऐंशी वर्षं ज्यांनी तो वास घरात येऊ दिला नाही त्यांना तो चांगला ठाऊक असतो. गोदाबाईंनी मान मागं नेली. मग आपली बोटं पाहिली. वातीचा कापूस खाली ठेवला.

"किती दिवस वाहिली मी?"

"तीन पावसाळे."

"तुला ठाऊक होतं?"

"कांदा आहे हे ठाऊक होतं. तुम्ही देवाला वाहता हे नव्हतं ठाऊक. चूक माझी आहे, आई. तुमची नाही."

गोदाबाईंनी वातींचं तबक बाजूला सारलं. उठल्या, न्हाणीघरात गेल्या, आणि बराच वेळ आतून पाण्याचा आवाज येत राहिला.

रघूत्तमनं संध्याकाळीच व्यासराजाचारांना बोलावलं. हे त्यांचे पुरोहित, स्कूटरवरून हिंडणारे, समजूतदार गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ओठांवर आलेलं हसू दाबलं आणि गंभीरपणे म्हणाले, "गोदक्का, न कळत घडलेल्याचा दोष नसतो. आणि निषेध सांगितलाय तो खाण्याचा. तरी तुमच्या मनाला शांती म्हणून करू पुण्याहवाचन." मंत्र झाले, पाणी शिंपडलं, पंचगव्य दिलं. गोदाबाईंचा चेहरा निवळला. त्यांनी देवासमोर दिवा लावला, सुनेच्या पाठीवरून हात फिरवला आणि आयतु म्हणाल्या, झालं, मिटलं. सिंधूच्या छातीवरचा धोंडाच उतरला. रात्री तिला झोप लागली.

पहाटे गोदाबाई उठल्या, न्हाल्या, सोवळं नेसल्या. फुलं खुडायला अंगणात गेल्या नाहीत. देवघराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या.

"आई, आत जा ना," रघूत्तम म्हणाला.

"नको रे. माझ्याकडून काहीतरी पाप घडलंय."

"काल आचार येऊन गेले. सगळं शुद्ध झालं."

"कधी आले? मला नाही दिसले."

असं झालं. आचार पुन्हा आले, पुन्हा मंत्र म्हटले. गोदाबाई संध्याकाळपर्यंत निवांत. सकाळी पुन्हा उंबऱ्यावर. तिसऱ्यांदा आचारांनी फोनवरून समजूत घातली, तीही एका रात्रीत पुसली गेली. दोष तेवढा राहिला, दोषाचं निवारण राहीना. आठवड्याभरात कांदाही विसरला, फुलंही विसरली, सुनेचा खोटेपणाही विसरला. आपण आत जायचं नाही, एवढंच डोक्यात बसलं. डॉक्टर म्हणाले, धक्क्यानं बसलेली गोष्ट या वयात अशी रुतून बसते, तुम्ही वाद घालू नका.

इकडे कुंडीत फुलं झाडावर टिकली. दुपारच्या उन्हात सिंधूनं ती पहिल्यांदा आपल्या अंगणात उमललेली पाहिली. मुंग्या आल्या, छोट्या माशा आल्या. मग पाकळ्या सुकल्या आणि त्यांच्या जागी हिरवी तीनधारी बोंडं फुगायला लागली. म्हैसूरच्या हवेत काही बिघडलेलं नव्हतं. बोंडं फुगताना बघून सिंधूला आनंद झाला, अगदी पोटातून झाला, आणि त्याच क्षणी स्वतःची लाजही वाटली. एका संध्याकाळी रघूत्तमनं विचारलं, "आलं ना तुझं बी?" टोमणा नव्हता त्यात, त्यानं नुसतं विचारलं होतं. ती झारी घेऊन तुळशीला पाणी घालायला गेली.

बी काळं, चकचकीत. निम्मं तिनं बेंगळुरूला पाठवलं, तिथं ते थंड पेटीत वर्षानुवर्षं टिकतं. निम्मं घरी पेरलं. तिकडून पत्र आलं, अभिनंदनाचं. कॉलेजात प्राचार्यांनी पेढे वाटले. चर्चासत्रातला निबंध चुकीचा होता हे तिनं लिहून कळवलं. का चुकला ते मात्र लिहिलं नाही.

पूजा आता सिंधू करते. साडेचारला उठते, न्हाते, नऊवारी सोवळं नेसायला शिकली आहे. मंत्र अडखळतात. गोदाबाई उंबऱ्याबाहेर पाटावर बसून तिला चुका सांगतात. "शंख आधी. मग घंटा. अगं, गंध अनामिकेनं लाव." एकही चूक त्यांच्या कानांतून सुटत नाही. फुलं रोज तगरीची आणि जास्वंदीची. मधूनच त्या विचारतात, "मी का नाही गं आत जात?" सुरुवातीला सिंधू सांगायची, काही नाही, आई, तुम्ही या आत, तुमचं काही चुकलेलं नाही. गोदाबाई विचार करायच्या आणि मान हलवायच्या. नको. काहीतरी झालंय. आता सिंधू नुसती गंध उगाळत राहते.

पेरलेलं बी उगवायला बरेच दिवस लागले. एका सकाळी पूजेआधी सिंधू अंगणात गेली तर ट्रेमध्ये केसासारख्या हिरव्या काड्या वर आलेल्या. तिला राहवलं नाही. ट्रे तसाच उचलून ती आत आली आणि पाटावर बसलेल्या सासूसमोर, पण शिवणार नाही असा लांब धरला.

गोदाबाई वाकून बघत राहिल्या. "फुलं येतील याला?"

"येतील."

"कसली?"

"पांढरी," सिंधू म्हणाली. "बारीक बारीक."

"देवाला होतील मग." गोदाबाईंचा चेहरा उजळला. कित्येक महिन्यांत सिंधूनं तो तसा पाहिला नव्हता. "मी वाहीन. माझ्या हातानं. कधी येतील गं?"

सिंधूनं ट्रे खाली ठेवला. कंद धरून फूल यायचं म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं, आणि तिनं ठरवलं होतं की या घरात आता खोटं बोलायचं नाही. "तीन वर्षं तरी लागतील, आई."

गोदाबाईंनी मान डोलावली. पाट थोडा भिंतीकडे सरकवला, पाठ टेकली, पदर नीट केला.

"परवागिल्ल," त्या म्हणाल्या, काही हरकत नाही. "तोवर बसते इथं. तू चल, शंख घे."